नकाशातला नाला

"काहीच नाही, भाऊ," विशाखा म्हणाली.

तिनं कागद वरपासून खालपर्यंत तळव्यानं चाचपला, मग उजव्या हाताचं पहिलं बोट कडेकडेनं फिरवलं आणि पुन्हा मधोमध आणलं. "कागद आहे. गरम आहे. बाकी काहीच नाही."

मी पाहिलं. कागदावर सगळं होतं. बसस्टँड होतं, समोरचा चौक होता, डावीकडे जाणारा रस्ता, पाण्याची टाकी, जिल्हा परिषदेचं फाटक. दोन दिवस खपून मी तो नकाशा कॉम्प्युटरवर काढला होता.

"दिसतंय तर सगळं," मी म्हणालो.

"तुम्हाला," ती म्हणाली.

ही २००७ सालच्या जानेवारीतली गोष्ट. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी माझं कार्ट्रिज रिफिलिंगचं दुकान होतं. रिकामी कार्ट्रिज शाई घालून परत द्यायची, अडलेले प्रिंटर चालू करायचे, असा धंदा. गावाबाहेरच्या अंधशाळेतला प्रिंटरही मीच बघायचो. विशाखा तेलगोटे त्याच शाळेच्या वसतिगृहात वाढली आणि आता तिथंच लहान मुलांना ब्रेल शिकवत होती, तात्पुरत्या नेमणुकीवर. वय सव्वीस. जन्मापासून दिसत नव्हतं. डिसेंबरात तिला जिल्हा परिषदेत टेलिफोन ऑपरेटरच्या नेमणुकीचं पत्र आलं. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं होतं.

तिचा मोठा भाऊ धम्मपाल एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याची ड्युटी सकाळी सहाला सुरू व्हायची, त्यामुळं तिला ऑफिसात सोडायला घरात कोणी मोकळं नव्हतं. शाळेची गाडी तिला दारातून न्यायची आणि दारात आणून सोडायची; रस्त्यावर ती एकटी कधी चाललीच नव्हती. भावाचं म्हणणं सरळ होतं, की नोकरी घेऊ नये, शाळा काय वाईट आहे. तिचं म्हणणं असं, की घरापासून बसस्टँडपर्यंत सिटी बस आहे, कंडक्टर उतरवून देईल. उरली बसस्टँड ते जिल्हा परिषद, जेमतेम सातशे पावलं. तेवढी एकदा डोक्यात बसली की झालं.

आणि त्यासाठी तिला ते मशीन आठवलं. परदेशातल्या कुठल्या तरी संस्थेनं शाळेला दिलेलं, तीन वर्षं खोक्यातच पडून होतं. सोबत जाड, सायीच्या रंगाच्या कागदांचा एक गठ्ठा. मी प्रिंटर उघडून बसलो होतो तेव्हा ती शेजारी येऊन म्हणाली होती, "पारसकर भाऊ, त्या खोक्यात एक माहितीपुस्तक आहे. वाचून दाखवाल?"

पुस्तक इंग्रजीत होतं. मी अडखळत वाचलं. त्या कागदाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात, ते तापले की फुगतात. कागदावर काळ्या रंगानं चित्र काढायचं आणि कागद मशीनमधून सरकवायचा. मशीनमध्ये तापलेला दिवा असतो. काळ्या रेघा जास्त तापतात, तेवढ्याच फुगून वर येतात. बाकीचा कागद सपाट राहतो.

"म्हणजे चित्र हाताला लागतं," ती म्हणाली.

"असं लिहिलंय."

"किती कागद आहेत?"

"बावीस."

एवढ्यावर ते काम मी अंगावर घेतलं. आणि पहिला कागद सपाट निघाला.

दुकानात येऊन मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. काळी शाई कार्बनचीच पाहिजे, अशी एक ओळ होती, ती मी वाचताना गाळली होती. ओळ वाचल्यावर लख्ख कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी विशाखाला सांगितलं.

"काळा रंग दोन तऱ्हेचा असतो, ताई. मी तुमच्या प्रिंटरमध्ये भरतो तो चहासारखा. पाण्यात पूर्ण विरघळलेला. दुसरा असतो काजळीचा. काजळी पाण्यात विरघळत नाही, अगदी बारीक दळून नुसती तरंगत ठेवलेली असते. डोळ्यांना दोन्ही काळेच. पण ऊन पिते ती काजळी."

"मे महिन्यात काळा शर्ट घातल्यासारखं."

"तसंच. माझी शाई दिव्याखालून गेली आणि तिला काही झालंच नाही."

"आणि झेरॉक्सच्या मशीनमध्ये कोणती असते?"

"त्यात शाई नसतेच. टोनर म्हणजे पूड. प्लॅस्टिक आणि काजळी एकत्र दळलेली. विजेच्या ओढीनं ती कागदावर बसते आणि गरम रोलरखाली वितळून चिकटते."

"त्यात काजळी आहे ना? मग त्यावर काढा."

मलाही ते पटलं. माझ्या दुकानात लेझर प्रिंटर होता. त्यात मी तो कागद घातला. पण त्या प्रिंटरचा रोलर स्वतःच इतका तापतो, की कागद आतच सगळीकडून फुगला, रोलरला चिकटला आणि चिमट्यानं तुकडे तुकडे करून काढावा लागला. रोलरही गेला. हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "आता वीस राहिले."

शेवटी मी प्रिंटरच्या कंपनीचं नवं काळं कार्ट्रिज आणलं. त्यात काजळीची शाई असते. रंगीत कार्ट्रिज होतं तेच ठेवलं. नकाशाही तोच, जसाच्या तसा, पुन्हा छापला.

मशीनमधून कागद बाहेर आला तेव्हा रस्ते मनगटावरच्या शिरांसारखे वर आले होते. विशाखानं दोन्ही हात ठेवले. बोटं बसस्टँडपासून निघाली, चौकात थांबली, डावीकडे वळली.

"ही टाकी?"

"हो."

"गोल आहे."

"टाकी गोलच असते."

"ते माहीत आहे. इतकी रस्त्याला लागून आहे हे माहीत नव्हतं. गाडीत मुलं रोज म्हणायची, टाकी आली, टाकी आली. मला वाटायचं, कुठं तरी लांब असेल." बोट पुढं सरकलं. "हे फाटक. इथून आत." मग तिनं मान वर केली. "भाऊ, वाटेत अजून काही आहे का? यात नसलेलं?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं यात आहे."

आठवडाभर तिनं तो नकाशा पाठ केला. रविवारी मी आणि मुख्याध्यापक बोंडे सर तिच्याबरोबर तो रस्ता चालून बघणार होतो. गुरुवारी सकाळी ती कोणाला न सांगता एकटीच गेली.

बसस्टँडवरून निघाली, चौक ओलांडला, टाकीला वळसा घातला. इथवर सगळं नकाशाप्रमाणं झालं. टाकीच्या पुढं रस्त्याच्या कडेनं एक उघडा नाला जातो. त्याच्यावर फरशी नव्हती आणि कठडाही नव्हता. हातात काठी होती, पण आता सरळ रस्ता आहे अशा खात्रीनं ती भराभर चालत होती. काठी खाली गेली आणि काठीच्या पाठोपाठ ती. नाला कमरेइतका खोल होता. पानठेल्यावरच्या माणसांनी तिला वर काढलं. उजवं मनगट मोडलं होतं.

हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं. सांगायला धम्मपालच आला. वर्कशॉपच्या खाकी कपड्यांत होता, हातांना ग्रीस तसंच होतं. नकाशा त्यानं काउंटरवर पसरला.

"हा तुम्हीच काढला न?"

"हो. काय झालं?"

त्यानं काय झालं ते सांगितलं. मग नकाशावर बोट ठेवलं. "हा नाला आहे का नाही?"

टाकीच्या पुढं, रस्त्याच्या कडेनं, नाल्याची रेघ स्वच्छ दिसत होती.

"ते म्हणते, नकाशात नाला नव्हता. दवाखान्यात साऱ्याइले तेच सांगून राह्यली. नव्हताच म्हणते. मले तर दिसून राह्यला. बोंडे सरांले दाखवला, त्याइलेही दिसला. डॉक्टरले दिसला. आता तुम्ही सांगा. आहे का नाही?"

मी कागद उचलला. उचलताना अंगठा नकाशावरून गेला. रस्ता अंगठ्याला लागला, टाकी लागली. नाल्यावरून अंगठा तसाच सरकला. तिथं कागद गुळगुळीत होता.

ट्यूबलाइटखाली धरल्यावर रेघेत किंचित निळसर झाक दिसली. शाळेच्या पुस्तकातल्या नकाशात पाणी निळं असतं, म्हणून अगदी पहिल्या दिवशी नाला मी गडद निळा केला होता. त्या वेळी काजळीचं मला काही माहीत नव्हतं. नंतर मी कार्ट्रिज बदललं, नकाशा बदलला नाही. निळा रंग प्रिंटरनं रंगीत कार्ट्रिजमधून घेतला. त्यात काजळीचा कण नव्हता. सायीच्या रंगाच्या कागदावर ती रेघ काळीच वाटत होती, आणि मी नकाशा तपासला होता तो डोळ्यांनी.

"आहे," मी म्हणालो. "नाला आहे."

"झालं तर मंग."

तो स्टुलावर बसला. मी पाणी दिलं. पेला तसाच हातात धरून तो म्हणाला, "आठ दिवस घोकून तिले वाचता नाही आलं. आज नाला होता. उद्या ट्रक असन. मी काय तिचा वैरी आहे? माय गेली तेव्हा तिचा हात माह्या हातात देऊन गेली." त्यानं पाणी प्यायलं. जाताना नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठेवा तुमच्याकडंच. घरात नको."

मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या वेळी मी का बोललो नाही, याची कारणं मला तेव्हा बरीच सुचली होती. शाळेचं काम जाईल, जिल्हा परिषदेचं मिळायच्या बेतात होतं ते जाईल, धम्मपाल रागात आहे, दोन दिवसांनी शांत झाल्यावर सांगू. शुक्रवारी मी दिवसभर दुकानात होतो आणि एकदाही ड्रॉवर उघडला नाही.

शनिवारी दुपारी बोंडे सरांचा फोन आला. "पारसकर, प्रिंटर काळं काढत नाहीये. नुसते पांढरे पट्टे. एक अर्ज काढायचाय, जरा येऊन जा."

गेलो. काजळीच्या शाईचं तेच असतं. चार दिवस प्रिंटर बंद राहिला की ती छिद्रांच्या तोंडाशी वाळून बसते. मी कार्ट्रिज काढलं, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर टेकवून धरलं, फडक्यावर काळा ठिपका उमटेपर्यंत थांबलो आणि परत बसवलं. बोंडे सरांनी बटण दाबलं. कागद बाहेर आला तो माझ्याच हातात आला.

अर्ज जिल्हा परिषदेच्या नावे होता. खाली नाव कु. विशाखा तेलगोटे. नेमणुकीबद्दल आभार मानले होते आणि पुढं लिहिलं होतं: रस्त्याचा नकाशा उपलब्ध असूनही मला तो बरोबर वाचता आला नाही. यावरून मी एकटीने ये-जा करू शकणार नाही असे माझ्या लक्षात आले आहे. तरी ही नेमणूक मी स्वीकारू शकत नाही.

"तिनंच सांगितलं, मी टाइप केलं," बोंडे सर म्हणाले. "मी म्हटलं, कारण कशाला लिहितेस? तर म्हणाली, खरं कारण लिहा. सोमवारी टपालात टाकायचंय. तुमचा रस्ता तिकडूनच आहे ना? तिची सही घेऊन या."

मी आधी दुकानात गेलो आणि ड्रॉवरमधून नकाशा घेतला.

तेलगोटेंच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. धम्मपाल नुकताच ड्युटीवरून आला होता. विशाखा खाटेवर बसली होती, उजव्या हाताला बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर. मी बोललो तशी तिनं मान वळवली.

"पारसकर भाऊ? अर्ज आणला का? डाव्या हातानं सही करावी लागेल."

"आणलाय. त्याआधी एक काम आहे. धम्मपालदादा, जरा इकडे या. डोळे मिटा."

"काहून?"

"मिटा तर."

त्यानं डोळे मिटले. मी खुर्चीवर नकाशा ठेवला आणि त्याचं बोट धरून बसस्टँडवर टेकवलं. "रस्ता लागतो?"

"लागते."

"पुढं चला. ही टाकी."

"हं. गोल."

"आता टाकीच्या पुढं रस्त्याच्या उजवीकडे नाला आहे. दाखवा."

त्याचं बोट पुढं गेलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. नखानं खरवडूनही पाहिलं. "माहे बोट राठ आहे," तो म्हणाला. "ग्रीसमधले हात. मले नाही समजत."

"रस्ता समजला ना?" विशाखा खाटेवरून म्हणाली. "टाकी समजली ना, दादा? त्याच बोटाला?"

 धम्मपालचे डोळे अजून मिटलेलेच होते. बोट तिथंच फिरत राहिलं. मग त्यानं डोळे उघडले, रेघेकडे पाहिलं, पुन्हा मिटले आणि पुन्हा बोट फिरवलं.

"नाही इथं काही," तो म्हणाला.

मी सांगितलं. निळ्या रंगाचं सांगितलं, काजळीचं सांगितलं, नकाशा डोळ्यांनी तपासल्याचं सांगितलं. विशाखानं मला पूर्ण बोलू दिलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"गुरुवारी. दादा दुकानात आले तेव्हा."

"आज शनिवार आहे."

"हो."

"दादा घरी येऊन म्हणाला, पारसकर भाऊपण म्हणतात नाला आहे."

"हो. मी तसं म्हणालो."

धम्मपाल माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हात उचलतो. उचलला असता तर मी काही बोललो नसतो. पण तो बहिणीकडे वळला, कारण ती बोलायला लागली होती, आणि आवाज चढवून नाही.

"हाड दीड महिन्यात जुळेल म्हणाले. त्याचं काही नाही. पण गुरुवारपासून मी भाकरीची कड चाचपून बघतेय, भाऊ. कड आहे की मला वाटतेय. काल पहिलीचं पुस्तक मागवलं. पहिली ओळ वाचली आणि वहिनीला विचारलं, बरोबर वाचलं का गं? तिला ब्रेल कुठं येतं? ती हो म्हणाली. मला दिसत नाही याचं दुःख मी कधी केलं नाही, कारण मला ते ठाऊकच नाही. पण मला बोटांनी कळतं, हे ठाऊक होतं. ते तुम्ही दोन दिवस काढून घेतलंत."

 तिनं हात पुढं केला.

"अर्ज कुठं आहे?"

मी तिच्या डाव्या हातात दिला. तिनं तो भावाकडे धरला. "दादा, मला एका हातानं फाडता येत नाही."

"नक्की?"

"फाड."

त्यानं कागद चार तुकडे करून फाडला आणि टाकायला जागा दिसेना म्हणून तुकडे शर्टाच्या खिशात ठेवले.

"उद्या नवा काढा," ती मला म्हणाली. "सगळं एकाच काळ्यात. आणि माझ्याकडे आणण्याआधी डोळे मिटून वाचा. पूर्ण."

रविवारी मी शाळेत जाऊन नवा नकाशा छापला, मशीनमधून काढला आणि डोळ्यांवर रुमाल बांधून बसलो. सातशे पावलांचा रस्ता वाचायला मला सगळी दुपार लागली. पहिल्यांदा मी चौकातच हरवलो. टाकी सापडायला तर पाव तास गेला. नाला लागला तेव्हा हात आपोआप मागं घेतला.

एक फेब्रुवारीला ती हातात प्लास्टर असतानाच हजर झाली. त्या दिवशी धम्मपालनं ड्युटी बदलून घेतली होती. बहिणीला न सांगता तो वीस पावलं मागं चालत होता. हे त्यानंच संध्याकाळी दुकानात येऊन सांगितलं. त्या शनिवारनंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. "टाकीपाशी थांबली. मले वाटलं, भ्याली. तर मागं न वळता म्हणते, दादा, तुझे बूट वाजून राह्यले, ड्युटीवर जाय."

विशाखाला मी नंतर बरेच दिवस भेटलो नाही. जाववलं नाही. मार्चमध्ये एकदा सकाळी दुकानातून जिल्हा परिषदेचा नंबर फिरवला.

"नमस्कार, जिल्हा परिषद. कोणाशी बोलायचंय?"

आवाज तिचाच होता. मी नाव सांगितलं नाही. तोंडाला आला तो विभाग सांगितला. "बांधकाम."

ती क्षणभर थांबली. "जोडते, भाऊ," ती म्हणाली.

पलीकडे कोणी तरी 'बांधकाम' म्हणून उचललं. आता बोलणं भाग होतं. मी म्हणालो, पाण्याच्या टाकीच्या पुढं नाला उघडा आहे, त्यावर फरशी टाका, माणसं पडतात.

"तो रस्ता आमच्याकडे येत नाही," तो गृहस्थ म्हणाला. "नगरपालिकेत अर्ज द्या."

मी अर्ज दिला. मग दुसरा दिला, मग तिसरा. फरशी पडायला दोन वर्षं लागली. तोवर विशाखा रोज दोनदा तिथून जात होती.